पदरवाला आणि आखाजीचा कूलर

माझी पोरगी हाती घेतलेलं काम अर्धं टाकत नाही, असं माझे वडील पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत ऐकेल त्याला सांगतात. गल्ली त्यांना आबा म्हणते, आम्हीही आबाच म्हणतो. ते सांगतात ते खोटं नाही. साक्रीकडचं गाव सोडून ते जळगावला डाळ मिलमध्ये कामाला लागले, आणि त्यांच्या घरात पहिली पदवी मी आणली. आधी बी.एस्सी., मग एम.एस्सी. आज धुळ्याला माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत माझ्या सहीशिवाय अहवाल बाहेर जात नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगते. कमावलेली आहे.

फक्त एका बाबतीत आबांचं म्हणणं लंगडं पडत होतं, आणि ते मला आणि माझ्या धाकट्या भावालाच माहीत होतं. टीव्ही गेमची एक कॅसेट मी शाळेत असताना सुरू केली होती, ती संपली नव्हती.

गेम एका सुपरहिरोचा होता. कॅसेटवरचा कागद घासून गेलेला, त्यामुळे त्याचं खरं नाव आम्हाला कधी कळलंच नाही. निळे घट्ट कपडे, डोळ्यांवर मुखवटा आणि पाठीवर वाऱ्याने फडफडणारा पिवळा कपडा. आईने त्याला पहिल्यांदा पाहिलं आणि ती आमच्या खानदेशी बोलीत म्हणाली, "हाऊ पदर कसाले मोकया सोडस? खोची ले म्हना." तेव्हापासून आमच्याकडे तो पदरवाला.

सुपरहिरो म्हटल्यावर वाटतं, हा काय, उडेल आणि भिंती फोडेल. पदरवाला उडायचा, पण वरच्या कोपऱ्यात एक पट्टी होती, ती संपली की दगडासारखा खाली. एखादं साधं वटवाघूळ अंगाला लागलं की तो मागे फेकला जायचा, आणि मागे नेमका खड्डा. मला तर वाटतं, तो गेम बनवणाऱ्याने आधी खड्डे खणले आणि मग त्यांच्या हिशेबाने वटवाघळं सोडली. जीव तीन. ते गेले की परत पहिल्या रस्त्यापासून सुरुवात. मधेच थांबवून उद्या पुढे खेळू, ही सोय नाही. कॉलेजात गेल्यावर मला एटीकेटी हा प्रकार कळला, की एक-दोन विषय राहिले तरी पुढच्या वर्षाला बसता येतं. तेव्हा मनात पहिल्यांदा आला तो पदरवाला. बिचाऱ्याला एटीकेटी नव्हती. मला ती कधी लागली नाही, हेही इथेच सांगून टाकते.

शेवटचा टप्पा शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीच्या गच्चीवर होता. गच्चीच्या एका टोकाला आपण, दुसऱ्या टोकाला लोखंडी हातांचा खलनायक, आणि मधे एवढा रुंद खड्डा की पट्टी पूर्ण भरलेली असली तरी उडून पलीकडे पोचता येत नाही. मी तिथवर जायचे आणि त्या खड्ड्यात मरायचे. पुढे धुळ्याला शिकायला गेले, गेम माळ्यावर गेला. मग एका सुट्टीत भावाने जाहीर केलं की मी नसताना त्याने तो संपवला. "शेवटी पदरवाल्याचं लग्न होतं," म्हणाला. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. पण ज्याने शेवट पाहिलेला नाही, त्याने कुणाला खोटं कसं पाडायचं?

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशीच माहेरी आले. बाकी महाराष्ट्राला ती अक्षय्य तृतीया, आम्हा खानदेशींना आखाजी, आणि मान दिवाळीचा. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, खापरावरची, म्हणजे चुलीवरच्या पालथ्या मातीच्या भांड्यावर भाजलेली, पुरणपोळी आणि आमरस. माहेरवाशिणीला त्या दिवसांत काम सांगायचं नाही आणि कशाला नाहीही म्हणायचं नाही. आणि पुरुष पत्ते खेळतात. एरवी पत्त्यांना हात न लावणारा माणूससुद्धा आखाजीला डावाला बसतो, आणि बसलेला डाव कुणी उठवायचा नसतो. दोन्ही रीती जुन्या. त्या कधी एकाच हॉलमध्ये समोरासमोर येतील, असं त्या घालून देणाऱ्यांना वाटलं नसणार.

मी चप्पल काढतेय तोवर भाऊ म्हणाला, "ताई, तुझा पदरवाला सापडला. कूलर उतरवायला माळ्यावर गेलो, तर मागे पिशवीत. लावून पाहिला, चालतोय."

"मग ठेव बाहेर. यंदा संपवते."

"संपव, पण आखाजीपर्यंतच. दुसऱ्या दिवशी नवा टीव्ही येतोय. हा डबा दुकानवाले बदल्यात घेऊन जाणार, आणि नव्याला तुझ्या गेमची वायर खुपसायला जागाच नाही."

मी पिशवीतून यंत्र काढलं. पिवळं पडलेलं, रिमोटच्या वायरला दोन ठिकाणी चिकटपट्टी. भावाला माझं तोंड पाहून दया आली असावी.

"अगं, मोबाईलवर मिळतो आता हा गेम. तिथं पाहिजे तिथं सेव्ह करता येतं. मेलीस की तिथूनच पुढे."

"तसं जिंकायचं असतं, तर परीक्षेत नक्कल करून पास झाले असते," मी म्हणाले.

आता आमचा हॉल सांगायला हवा. घरात कूलर एकच, तो हॉलच्या खिडकीत. टीव्ही हॉलमध्ये, आणि तो जुना डबा दोन माणसांना उचलवत नाही. डावही हॉलमध्येच, कारण जळगावात वैशाखात कूलरशिवाय बसणं म्हणजे खापरावर बसणं. डावाला तिघे. आबा, त्यांचे चुलत भाऊ नाना, आणि कोपऱ्यावरचे किराणावाले शेठ. शेठांचे आजोबा राजस्थानातून आले होते, पण आखाजीचा डाव शेठ आमच्यापेक्षा कडक पाळतात. गेम लावायचा तर मला तिथेच बसावं लागणार, याला कुणाची हरकत नव्हती. नाना म्हणाले, "बस ना पोरी, आम्हले काय." भांडण जुंपलं ते वाऱ्यावरून.

कारण ते यंत्र तापायचं. लहानपणीही तापायचं, आता तर म्हातारं झालं होतं. थोडा वेळ चाललं की पडद्यावर आडव्या रेघा यायच्या, पदरवाला थरथरायचा आणि मग चित्र जागीच गोठायचं. गोठलं की बंद करून पुन्हा पहिल्या रस्त्यापासून. वारा थेट अंगावर असेल तरच ते टिकायचं. मी कूलरच्या पट्ट्या यंत्राकडे फिरवल्या, आणि नाना पत्ते खाली न ठेवताच ओरडले.

"ओ पोरी! हाऊ काय कारभार? आम्ही उकडी मरूत का?"

"नाना, आखाजीला माहेरवाशिणीला नाही म्हणतात का?"

"मंग आखाजीले डाव उठाडतस का?"

"कोण उठवतंय? बसा ना. फक्त वारा मागतेय."

"वारा गया का डाव गयाच समज!"

दोघंही आबांकडे पाहू लागलो. आबा मिलमध्ये मुकादम होते, दोन टोळ्यांची भांडणं मिटवण्यात जन्म गेला. त्यांनी उठून कूलरच्या पट्ट्या बरोबर मधोमध केल्या आणि "निम्मा तिले, निम्मा आम्हले" म्हणून परत बसले. झालं असं, की वारा डाव्या बाजूच्या रिकाम्या भिंतीवर गेला. दुपारभर आमची ती भिंत थंडगार होती. नाना घामाने निथळत राहिले, आणि मी गिरणीच्या टप्प्यावर, जिथे फिरत्या पट्ट्यांवरून उलट दिशेने धावावं लागतं, तिथे जीव शाबूत असताना चित्र गोठून बाद झाले.

"मेला का तुन्हा पदरवाला?" नानांनी विचारलं.

"मेला नाही. गोठला."

"गोठना? ह्या उन्हायामा? नशीबवान शे भो."

शेठ एवढे हसले की त्यांचे पत्ते सगळ्यांना दिसले.

त्या दिवशी पुन्हा दोनदा लावला. दोन्ही वेळा रेघा आल्या. पण मी हात चोळत बसले नव्हते. प्रयोगशाळेत आम्हाला एक सवय लागते. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि काय होतं ते पाहायचं. पहिल्याच रस्त्यावर, जिथे मरण्याचं भय नाही, तिथे मी पदरवाल्याला मुद्दाम वटवाघळाकडे तोंड करून उभा केला. तो मागे फेकला गेला. मग पाठ करून उभा केला. वटवाघूळ पाठीवर आदळलं, आणि तो उलटा वटवाघळाच्याच दिशेने फेकला गेला! पुन्हा केलं, पुन्हा तेच. वटवाघूळ कुठून येतं याला महत्त्वच नव्हतं. त्याचं तोंड असेल त्याच्या उलट तो उडायचा, बस्. आणि तो धक्का त्याच्या स्वतःच्या उडीपेक्षा लांबचा होता, पट्टीतलं काही खर्चही होत नव्हतं.

गच्चीवरचा तो खड्डा लगेच डोळ्यांसमोर आला. उडून ओलांडता येत नव्हता, कारण तो उडून ओलांडायचा नव्हताच. शाळकरी वयात हे मला सुचलं नव्हतं, त्याचं वाईट वाटत नाही. तेव्हा मी फक्त न मरायला शिकत होते.

आखाजीच्या सकाळी पितरांच्या नावाने घागर पुजली, जेवणं झाली, डाव बसला. मी आईकडे तक्रार नेली. खरं तर तक्रार नाही, निवाडा मागितला. आई चुलीशी होती. संध्याकाळी पुन्हा पाहुणे येणार म्हणून पुरणपोळ्यांची तयारी चालली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेत. ती तशीच हॉलमध्ये आली आणि कोपरानेच कूलरच्या पट्ट्या माझ्याकडे ढकलल्या.

"आंडेर वरीसमा एकदाव येस," ती म्हणाली. आंडेर म्हणजे लेक. "वारा तिले. तुम्ही पंचा ओला करी डोकावर ल्या."

नानांनी तोंड उघडलं, आईच्या हातांची कणीक पाहिली, आणि मिटलं. तिघांनी खरोखरच ओले पंचे डोक्यावर घेतले. पिंप्राळ्यातल्या एका हॉलमध्ये तीन म्हातारे नवरीसारखे डोक्यावर पदर घेऊन पत्ते खेळताहेत, हे चित्र मी जन्मभर विसरणार नाही.

मी खेळायला बसले. रस्ता, गटार, पूल. बोटांना सगळं आठवत होतं, कुठे थांबायचं, कुठे नाही. गटारात एक जीव गेला, माझीच घाई. पण गिरणी मी अशी पार केली की शेठांनी पत्ते वाटता वाटता मान वळवली.

"बेटी, हे कालचंच का?"

"कालचंच."

"मग मी तुझ्याकडून. संपवलंस तर सगळ्यांना उसाचा रस माझ्याकडून."

"आनि नही सरनं तं?" नाना म्हणाले.

"तर नाना पाजतील."

"मी काबर पाजू? मी तं सांगी रायनू का सरनार नही!"

भाऊ दारात उभा राहून पाहत होता. शेठांनी त्याला विचारलं, "तू तर संपवलायस म्हणे. मग ताईला सांग ना, पुढे काय येतं."

"पुढे... शेवटी लग्न होतं."

"लग्नाआधी काय होतं?"

"लग्नाआधी म्हणजे... तयारी."

"कसली तयारी?"

भाऊ डोकं खाजवायला लागला. मग म्हणाला, "जाऊ द्या ना शेठ. मी गिरणीतच मरायचो." नानांनी मांडीवर एवढी जोरात थाप मारली की त्यांचा पंचा गळून पडला. मी पडद्यावरून नजर काढली नाही, पण हसले. इतकी वर्षं नसलेल्या लग्नाला मी मनातल्या मनात जाऊन आले होते. भावाने मग रसाची किटली आणायच्या निमित्ताने काढता पाय घेतला.

गच्चीवर पोचले तेव्हा माझा शेवटचा जीव उरला होता. गटारानंतर दुसरा पुलावर गेला होता. खलनायक पलीकडे उभा राहून लोखंडी गोळे फेकत होता. गोळा लागला की मागे, म्हणजे कठड्याखाली. मी नीट जागा घेत होते, तेवढ्यात कूलरचा आवाज बदलला. आत पाणी संपलं की पंप घरघरतो, आमच्याकडे लहान पोरालाही तो आवाज कळतो. वारा आधी कोमट झाला, मग सरळ झळ. पडद्याच्या वरच्या कडेला पहिली रेघ आली.

मी गेम थांबवला. पण थांबवून उपयोग नव्हता. थांबलेलं यंत्रही तापतच राहतं, आणि चित्र एकदा गोठलं की संपलं. पुन्हा पहिल्या रस्त्यापासून येईपर्यंत संध्याकाळचे पाहुणे हॉलमध्ये असणार, आणि उद्या हा टीव्ही टेम्पोत.

"पाणी टाका रे कुणी कूलरमध्ये!" मी ओरडले.

भाऊ रसवंतीवर. आई खापराशी, पोळी अर्धी खापरावर. हॉलमध्ये तीन माणसं आणि तिघांच्याही हातात पत्ते. आता आमच्या डावाचा नियम असा, की हातात पत्ते असताना उठला तो डावातून गेला. कारण कुठलंही असो. एका आखाजीला नानांच्या स्वतःच्या घरचं मांजर पुरणात पडलं होतं, तरी नाना उठले नव्हते.

"थांब पोरी, इतला डाव सरू दे," नाना म्हणाले. "मंग टाकतस पानी."

"तोवर टिकणार नाही, नाना."

आणि मी आबांकडे पाहिलं. त्यांच्या पायाकडे. आबा डावाला बसले की उजव्या पायाचा अंगठा सारखा हलत असतो. हात चांगला आला की तो थांबतो. हे आई आणि मी सोडून कुणालाच कळलेलं नाही, आणि आबांना तर मुळीच नाही. अंगठा थांबलेला होता. नुसता थांबलेला नाही, चटईत रुतलेला. दोन दिवस त्यांना एकही धड हात आला नव्हता.

म्हणून मी त्यांना काही म्हणाले नाही. फक्त पडद्याकडे वळले. दुसरी रेघ आली होती.

मागे चटई करकरली. आबांनी पत्ते पालथे घातले होते आणि गुडघ्यावर हात टेकून ते उठत होते.

"आबा!" नाना जवळजवळ किंचाळले. "उठनात का काय?"

"उठनू," आबा म्हणाले.

त्यांनी मोरीतून बादली आणली. एक ओतली, दुसरी ओतली. वाळा भिजला की जो वास येतो तो आला, आणि त्याच्यामागून थंड वारा. आबा बादली घेऊन तिथेच उभे राहिले, कूलरला टेकून, अर्धे भिजलेले. पडद्यावरच्या रेघा लगेच गेल्या नाहीत. मी थांबले. घाई केली असती तर मी तीच शाळकरी पोर राहिले असते. एक रेघ गेली. मग दुसरी.

मी गेम सुरू केला आणि पदरवाल्याची पाठ खलनायकाकडे केली.

"ओ, तिकडे काय बघतोय हा? पळून जातोय का?" शेठ म्हणाले.

गोळा आला, पाठीवर बसला, आणि पदरवाला खड्ड्यावरून सरळ पलीकडे गेला, पदर फडफडवत. खलनायकाच्या पुढ्यातच पडला. एवढ्या जवळ त्या लोखंडी हातांना काही करता येत नव्हतं. पुढचं सगळं इतकं सोपं होतं की मला त्या गेम बनवणाऱ्याचा पहिल्यांदा आदर वाटला. त्याने दार ठेवलं होतं. फक्त ते पाठ करून उघडायचं होतं.

खलनायक तुकडे तुकडे होऊन पडला. पदरवाला गच्चीच्या काठावर उभा राहिला, खाली शहराचे दिवे लागले आणि वर इंग्रजीत दोन ओळी आल्या. आबांनी रिकाम्या बादलीसकट वाकून पाहिलं.

"काय लिखेल शे?"

"शहर वाचलं, धन्यवाद. आता खरा खेळ सुरू."

आणि खरंच, पडदा काळा झाला आणि परत पहिला रस्ता आला, तीच वटवाघळं, फक्त दुप्पट वेगाने.

"म्हणजे संपला की नाही संपला?" शेठांना रसाची काळजी.

"संपला," मी म्हणाले. "मी सांगतेय ना. संपला." आणि यंत्र बंद केलं.

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो ओला होता, आणि परत जाऊन चटईवर बसले. नानांचा हात तोवर आबांनी टाकलेल्या पालथ्या पत्त्यांकडे सरकला होता. "दखू तं द्या, काय सोडं ते," असं म्हणत त्यांनी कोपरा उचललाही. आबांनी त्यावर पंजा ठेवला, पत्ते गड्डीत घातले आणि दोनदा पिसले.

"उठना तो गया," ते म्हणाले आणि गड्डी नानांपुढे सरकवली. "वाट आते."

दुसऱ्या दिवशी आबा मला धुळ्याच्या बसला सोडायला आले. बस लागायची होती, आम्ही सावलीला उभे होतो. मी आडवळणाने बोलणारी नाही. सरळ विचारलं, "आबा, काय होतं हातात?"

"कधय?"

"कधी काय, काल. उठलात तेव्हा."

आबांनी माझ्या हातातली पुरणपोळ्यांची पिशवी घेतली, गाठ सैल वाटली म्हणून पुन्हा घट्ट बांधली आणि परत दिली.

"पत्ता व्हतात," ते म्हणाले. "चढ, बस लागनी."